किल्ट घालायला कुळाचा दाखला लागत नाही

‘अंगात स्कॉटिश रक्त असेल तरच किल्ट (पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा घागरा) घालावा, आणि टार्टन म्हणजे चौकडा आपल्याच कुळाचा हवा,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. असा कायदा स्कॉटलंडमध्ये नाही.

कायदा होता, पण उलटा! १७४६च्या कायद्याने हायलँड या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना किल्ट घालायलाच बंदी केली. ती १७८२ मध्ये उठली. कुळागणिक ठरलेला टार्टन ही कल्पना रुजली त्यानंतर. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागताचा थाट मांडला आणि सरदारांची ‘आपला’ टार्टन शोधायची धावपळ उडाली. १८४२ मध्ये तर जुन्या हस्तलिखिताचा हवाला देत टार्टनचं पुस्तकच छापलं गेलं. हस्तलिखित बनावट ठरलं, तरी त्यातले कित्येक नमुने आजही पिढीजात म्हणून मिरवतात.

कुळाचा अभिमान असणाऱ्यांनी तो जरूर बाळगावा, त्याबद्दल मला आदरच आहे. पण केवळ आवडतो म्हणून किल्ट घालणाऱ्याला ‘तुझा काय संबंध?’ विचारणं अन्यायाचं आहे. ब्लॅक वॉच या लष्करी पलटणीच्या टार्टनसारखे टार्टन कुणीही घालतं; आयरिश वादक तर एकरंगी केशरी किल्ट घालतात.

तेव्हा लोक काय म्हणतील याची काळजी सोडा, घालण्याची रीत सांभाळा. निऱ्या मागे, सपाट भाग पुढे. पुढे कापडाचे दोन पदर एकावर एक येतात; पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदर एकत्र टोचले तर चालताना कापड ओढलं जाऊन फाटतं.