पोह्यांची जाडी आणि सकाळची घाई

'नाश्ता हे दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं खाणं' हे वाक्य कुणी आयुर्वेदाच्या नावावर खपवतं, कुणी आजीच्या. या आशयाचं वाक्य १९१७ साली अमेरिकेतल्या 'गुड हेल्थ' मासिकात छापलेलं सापडतं. मासिकाचे संपादक होते जॉन हार्वे केलॉग, कॉर्नफ्लेक्सवाले!

सकाळी काय खायचं हे प्रकृतीपेक्षा लोकलची वेळ, गॅसचा भाव आणि ओट्याशी कोण उभं आहे यावरच जास्त ठरतं. भाकऱ्या एकेक करून थापाव्या लागतात. पोहे धुवून रोवळीत निथळले, कांद्याची फोडणी दिली, एक वाफ आली की घरभराचं काम झालं.

हे जमतं कारण शिजवण्याचं काम भट्टीत आधीच उरकलेलं असतं. भिजवलेलं भात तापलेल्या वाळूत भाजलं की टरफलाच्या आतच स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. मग ते चेपतात. खरी गंमत या चेपण्यात आहे. पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली तर वेळ पाव होतो, पाव केली तर ढोबळमानाने सोळावा हिस्सा. म्हणून पातळ पोह्यांना चूलही लागत नाही. ओलं खोबरं, कांदा आणि नारळाचं पाणी घालून दडपून ठेवले की दडपे पोहे तयार.

केलॉग बंधूंनी १८९४ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे शिजवलेला गहू रुळांतून काढून भाजला, तेव्हा युक्ती हीच होती. त्यांचे कॉर्नफ्लेक्स १९९४ मध्ये भारतात आले आणि अडखळले. एक तर महाग, त्यात आपण दूध ओतणार गरम. पातळ फ्लेक्स, त्यात गरम दूध; कुरकुरीतपणा टिकणार कसा? पोह्यांच्या या युक्तीवरून 'पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं' असा फॉरवर्ड मात्र कृपया पाठवू नका. युक्ती अनुभवातून सापडली. जाडीच्या वर्गाचं गणित बरंच नंतरचं.

डब्यातले पोहे दहा वाजेपर्यंत कडक का होतात? थंड होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात. या साखळ्या दोन प्रकारच्या: फांद्या फुटलेल्या त्या अमायलोपेक्टिन, सरळ त्या अमायलोज. पाण्याचा हबका मारून वाफ दिली की अमायलोपेक्टिनच्या साखळ्या सुटतात, पण अमायलोजच्या सुटायला शंभर अंशांच्याही वर जावं लागतं. ऑफिसातल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेले पोहे घरच्यासारखे लागत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.