गोदावरीचा पूर आणि नोंदींचे वय

पुराच्या वारंवारितेचे गणित नदीमापन केंद्रांच्या नोंदींवर उभे असते. त्यामुळे त्यांचे जाळे तपासताना केंद्रे मोजण्यापेक्षा प्रत्येक केंद्राच्या नोंदींची मालिका किती लांब, किती अखंड आणि किती एकजिनसी (म्हणजे एकाच परिस्थितीतल्या नदीची) आहे, हे पाहणे अधिक गरजेचे ठरते.

नाशिकमध्ये ही तपासणी १९६५ या वर्षापाशी अडते. गंगापूर धरण पूर्ण झाल्यावर होळकर पुलाखालून जाणारे पुराचे पाणी म्हणजे धरणाचा विसर्ग आणि खालच्या मोकळ्या पाणलोटातून येणारे पाणी यांची बेरीज झाली. आधीचे व नंतरचे वार्षिक कमाल विसर्ग (सेकंदाला वाहणारे पाणी) एकाच मालिकेत घालून गुम्बेल वितरण, म्हणजे मोठ्या पुरांची शक्यता काढण्याचे संख्याशास्त्रीय सूत्र, लावले, तर आकडा निघतो. तो कोणत्या नदीचा, धरणाआधीच्या की नंतरच्या, हे मात्र सांगता येत नाही.

नदीकाठच्या बांधकामांवर मर्यादा घालणाऱ्या पूररेषा राज्याच्या पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाने ठरवल्या: त्याने निळ्या रेषेसाठी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर धरला आणि लाल रेषेसाठी १०० वर्षांतून एकदा येणारा. घोळ या ‘एकदा’मध्ये आहे. २००८ चा पूर येऊन गेला, म्हणजे आता पाव शतक निवांत, असा अर्थ अनेकांनी लावला; २०१६ आणि २०१९ मध्ये सराफ बाजारात पुन्हा पाणी शिरले. २५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता, आणि ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के. परिपत्रकात ‘वर्षे’ऐवजी ‘टक्के’ लिहिले असते, तर नदीकाठच्या भूखंडांची बोलणी वेगळी झाली असती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, छातीला, गळ्याला पाणी लागले, हे शहराचे जुने मोजमाप पातळी सांगते, विसर्ग नव्हे. पातळीवरून विसर्ग काढणारा वक्र वरच्या टोकाला बहुधा अंदाजानेच वाढवलेला असतो, कारण ऐन पुरात प्रवाहमापक पाण्यात सोडणे कठीण असते. त्यातच रामकुंड परिसरात पात्राचे काँक्रिटीकरण झाल्याने जुना वक्र तसाच लागू पडेल, असे धरता येत नाही.

१९९५ नंतर परकीय कर्जसाहाय्याने राज्यात नवी केंद्रे आली आणि जुन्या वह्या संगणकावर चढल्या. तेव्हा सुरू झालेल्या केंद्रांची मालिका आज जेमतेम तिशीची आहे. तिच्यावरून १०० वर्षांचा पूर काढणे धाडसाचेच. शिवाय नासर्डी, वाघाडीसारख्या लहान नद्या काही तासांत चढून उतरतात, आणि सकाळी आठच्या एका वाचनात त्यांच्या पुराचा माथा, म्हणजे सर्वोच्च पातळी, सापडत नाही.