ऐतिहासिक बागांचं जतन

ऐतिहासिक बाग म्हणजे नुसती जुनी झाडं असलेली जागा नव्हे, कोणीतरी आखून लावलेली आणि पुढच्या पिढ्यांनी राखलेली बाग. किल्ला जपायचा तर चिरा ढळू द्यायचा नाही, पण बागेतली झाडं म्हातारी होतात, मरतात, वादळात पडतात, म्हणजे बाग जपायची तर ती परत परत लावायलाच लागते. ऐतिहासिक बागांच्या जतनासाठीच्या १९८१ च्या आंतरराष्ट्रीय फ्लोरेन्स सनदेत बागेला ‘जिवंत स्मारक’ म्हटलंय ते यासाठीच. (देवरहाटीचं, म्हणजे कोकणातल्या देवराईचं उलट, तिथे हातच लावायचा नसतो, त्यामुळे ती या नोंदीत बसत नाही.)

वादळाचं उदाहरण घेतलं की हे नीट कळतं. २६ डिसेंबर १९९९ ला फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजबागेत वादळाने सुमारे १०,००० झाडं आडवी झाली, मग नवी लावताना त्यांनी ती बाग आखणाऱ्या सतराव्या शतकातल्या ले नोत्रची मूळ आखणी समोर ठेवली. लंडनच्या क्यू गार्डनची गंमत अजून वेगळी, १९८७ च्या वादळात तिथला टर्नर्स ओक म्हणून एक ओक मुळांसकट उचलला गेला आणि परत जागच्या जागी बसला, लोकांना वाटलं गेला आता, तर तो उलट जास्तच जोमाने वाढायला लागला. माणसांच्या पायांनी मुळाशी जमीन घट्ट झाली होती ती हलल्यामुळे मोकळी झाली! तेव्हापासून तिथे जुन्या झाडांखालची माती मुद्दाम भुसभुशीत करतात.

आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडपासून खाली दापोली तालुक्यापर्यंत नारळ-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. नारळ, खाली पोफळी (सुपारीची झाडं), त्यावर मिरीचे वेल, मध्ये जायफळ, केळी, सगळं पाटाच्या पाण्यावर, ही आगरं पण आखून लावलेल्या जुन्या बागाच आहेत, फक्त युनेस्कोच्या यादीत व्हर्साय आहे, क्यू आहे, कोकणातलं एकही आगर नाही. आणि पोफळ नुसती परत लावून भागत नाही, कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, सावली देणारं सगळंच पडलेलं, म्हणून आधी केळी लावायची, मग पोफळीचं रोप, मग पाच-सात वर्षांनी कुठे सुपारी.

फ्रान्समध्ये २००३ पासून जूनच्या पहिल्या वीकेंडला बागांचा उत्सव असतो, एरवी बंद असलेल्या खाजगी बागासुद्धा लोकांना उघडतात, मालक स्वतः फिरवून दाखवतात. कोकणात त्या दिवसांत जो तो आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीच्या मागे, त्यामुळे तारीख उचलून उपयोग नाही, दिवाळीनंतर वाड्यांना शिंपणं सुरू असतं तेव्हा ठेवलं तर पाटाचं पाणी आळ्याआळ्यात फिरताना तरी दिसेल. सध्या पर्यटक वाडीत येतात ते एसी खोली आणि मासे थाळीसाठी, आणि त्या खोलीसाठी पहिला बुजतो तो पाट.