टिंबावरचा आकडा

ऑफिसच्या इंग्रजी ईमेलमध्ये हमखास भेटणारं एक वाक्य: ‘प्लीज लेट मी नो व्हेन विल यू कम?’ यात चुका दोन, पण मूळ एकच. इथे प्रश्न विचारलेलाच नाही, ‘कधी येणार ते कळवा’ अशी विनंती आहे. प्रश्न असा दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की इंग्रजीत क्रम सरळ होतो, ‘व्हेन यू विल कम’, आणि शेवटी प्रश्नचिन्हाऐवजी पूर्णविराम लागतो. मराठीत ‘तू कधी येणार’ हे शब्द दोन्हीकडे जसेच्या तसे चालतात, म्हणून आपली गफलत होते.

गंमत म्हणजे हे प्रश्नचिन्ह जन्मलं तेव्हा त्याचा व्याकरणापेक्षा आवाजाशी जास्त संबंध होता. आठव्या शतकाच्या अखेरीस, पश्चिम युरोपातला राजा शार्लमेन याच्या राज्यातल्या मठांमध्ये लॅटिन ग्रंथ मोठ्याने वाचले जात. वाचणाऱ्याला सूर कुठे चढवायचा ते कळावं म्हणून नकलाकार टिंब देत आणि त्यावर उजवीकडे चढत जाणारी नागमोडी रेघ काढत. पुढे तिचाच आकडा झाला. लॅटिन ‘क्वेस्टिओ’ (म्हणजे प्रश्न) शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर एकावर एक ठेवून हे चिन्ह बनलं, अशी एक कथा फार फिरते. ऐकायला झकास आहे, पण तिला हस्तलिखितांचा आधार नाही.

आज सूर आणि चिन्ह यांची फारकत झाली आहे. ‘डू यू लिव्ह हिअर?’ म्हणताना आवाज बहुधा चढतो. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ म्हणताना मात्र तो बहुधा उतरतो, तरी चिन्ह तेच. ‘यू आर कमिंग?’ यात शब्दांचा क्रम साध्या विधानाचा. छापील पानावर प्रश्न ओळखायला फक्त ते चिन्ह. उलट ‘वुड यू प्लीज क्लोज द डोअर’ हा रूपाने प्रश्न, पण बोलणाऱ्याला उत्तर नकोच आहे, दार लावून हवं आहे. तिथे पूर्णविरामही चालतो.

उत्तराची अपेक्षाच नसलेल्या प्रश्नांसाठी लंडनचा मुद्रक हेन्री डेनहॅम याने १५८०च्या दशकात उलट्या तोंडाचं वेगळं प्रश्नचिन्ह वापरून पाहिलं. ते टिकलं नाही. व्हॉट्सॲपवरचे टोमणे वाचताना ते टिकायला हवं होतं असं वाटतं.

स्पॅनिश अकादमीने १७५४ साली वेगळी सोय केली: प्रश्नाच्या सुरुवातीलाही एक चिन्ह, तेही डोकं खाली करून. इंग्रजीला त्याची फारशी गरज नाही, कारण ‘डू’, ‘इज’, ‘व्हाय’ हे शब्द बहुतेक वेळा आरंभीच वर्दी देतात. गरज खरी तर आपल्याला होती. ‘काल तुझ्या मामांनी गावाहून पाठवलेली ती हापूसची पेटी अजून फोडली नाहीस का?’ हे वाक्य मोठ्याने वाचणारा ‘फोडली नाहीस’पर्यंत बिनधास्त सपाट सुरात जातो आणि ‘का’पाशी अडखळतो. पण मोडी लिपीत विरामचिन्हं नव्हती, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली ती इंग्रजी वळणाची. साहजिकच आपलं प्रश्नचिन्हही वाक्याच्या शेवटीच बसलं.