एकशेसाठ ते पाचशे फूट: मुंबईतल्या खोलीच्या मापाची पार्श्वभूमी

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या, म्हणजे इंग्रज सरकारने शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या कामगार चाळींतल्या, ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. शंभर वर्षांत जागा तिपटीने वाढली. पण या शंभर वर्षांत कुटुंबाची गरज तिपटीने वाढली का? की पहिलाच आकडा चुकीचा होता? या दोन टोकांच्या मधे १८०, २२५, २६९, ३०० असे आणखी आकडे येऊन गेले. त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे पाहिलं, की कुटुंबाला काय लागतं हा विचार त्यात किती थोडा होता ते कळतं.

गावाकडे घर फुटांत मोजायची पद्धत नव्हती. घर मोजायचं खणांवर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि ते मिळेल त्या लाकडाच्या लांबीवर ठरे. तीन खणी घर, पाच खणी घर. शिवाय ओटी, पडवी, परसू होतंच, त्यामुळे भिंतींच्या आत किती जागा आहे यावर संसार अडत नसे. गिरण्यांसाठी कोकणातून आणि घाटावरून माणसं मुंबईत आली तेव्हा हे सगळं मागे राहिलं आणि ‘खोली’ हेच घर झालं. १९११च्या शिरगणतीत मुंबईतले दोन तृतीयांशांहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते.

जागेचा प्रश्न सरकारदरबारी पोचला तो प्लेगमुळे. १८९६ साली मांडवी भागात साथ सुरू झाली आणि दोन वर्षांत, १८९८ साली, बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटी चाळी त्याच्याच. या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी खोलीत उजेड किती यावा यासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरून ठेवला होता. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मधे मोकळं हवं. किती फूट जागा, यापेक्षा किती उजेड आणि किती वारा, असा प्रश्न त्या काळात कुणीतरी विचारला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हा नियम पुढे पुन्हा लागणार आहे.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, सुरू झालं. ठरवल्या होत्या ५०,००० खोल्या, बांधून झाल्या सुमारे १६,०००. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी; तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, मधून पॅसेज, संडास सामाईक. सुरुवातीच्या वर्षांत यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. कामगाराला भाडं परवडत नव्हतं आणि त्या भाड्यात सोयी मिळत नव्हत्या. १६० फूट हे माप कामगाराच्या खिशाकडे आणि सिमेंटच्या खर्चाकडे बघून निघालं होतं. शिवाय तेव्हाच्या गिरणी कामगाराचा निम्मा संसार गावीच असे. बायको शेत बघायची, तो इथे गाववाल्यांच्या गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा आणि खानावळीत जेवायचा. पुढे बायका-मुलं आली, नातवंडं झाली, खोली तेवढीच राहिली.

माझी मावशी वरळीला अशाच खोलीत राहते. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे राहायला जायचो तेव्हा घरात नऊ माणसं असायची. एक लोखंडी खाट, ती आजोबांची. खाटेखाली तांदळाचा डबा आणि ट्रंका, रात्री त्या पुढे ओढून आम्ही दोघी बहिणी तिथे झोपायचो. पोटमाळ्यावर धाकटे काका-काकू. कोपऱ्यात मोरी, तिला गुडघाभर कठडा. बाईमाणसाला आंघोळ करायची असली की बाकीच्यांनी पॅसेजमध्ये जायचं. मावसभावांचा अभ्यासही पॅसेजच्या दिव्याखालीच झाला. बाळंतिणीची बाज आली तेव्हा घरातले पुरुष तीन महिने शेजारी झोपले. लोक याला ‘चाळीतला जिव्हाळा’ म्हणतात. तो होता, मी अनुभवला आहे. पण शेजाऱ्यांची जागा वापरल्याशिवाय त्या १६० फुटांत कुटुंब मावतच नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

स्वातंत्र्यानंतर भाडेनियंत्रणाने भाडी गोठली, दुरुस्त्या थांबल्या आणि पागडीने खोल्या हातोहात फिरल्या. १९८५ साली राजीव गांधींनी मुंबईसाठी १०० कोटींचं अनुदान जाहीर केलं, त्यातून धारावीत घरं बांधली गेली. त्या सुमारास गरिबाच्या घराचं माप १८० फूट होतं, १९९१च्या झोपडपट्टी पुनर्विकास योजनेतही तेच राहिलं. १९९५ साली मोफत घरांची घोषणा झाली आणि आकडा २२५ झाला. घर फुकट देण्याचा खर्च बिल्डरने त्याच प्लॉटवर बाजारभावाने विकायच्या फ्लॅटमधून काढायचा. पुनर्वसनाच्या दर फुटामागे त्याला शहरात पाऊण फूट, उपनगरात एक फूट आणि धारावीत त्याहून जास्त विक्रीचं बांधकाम मिळे. म्हणजे गरिबाला किती फूट द्यायचे हे विक्रीच्या फ्लॅटला काय भाव येतो त्यावर ठरू लागलं. २००८च्या सुमारास २६९ हा आकडा आला. मोजूनमापून काढल्यासारखा वाटतो, पण तो म्हणजे २५ चौरस मीटरचे फूट, एवढंच. नंतर ३००. प्रत्येक वाढीच्या मागे जमिनीचे चढलेले भाव आहेत.

आणि फूट वाढताना उजेड गेला. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये सात-आठ मजली इमारतींच्या मधे काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. २०१८ साली डॉक्टर्स फॉर यू ही आरोग्यसंस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी तिथल्या क्षयरोगाचा संबंध इमारतींच्या रचनेशी, न पोचणाऱ्या उजेड-वाऱ्याशी जोडून दाखवला. ऑर यांचा नियम लावला असता तर चोवीस मीटर उंचीच्या इमारतीसमोर बारा मीटर मोकळे सोडावे लागले असते. प्लेगने शिकवलेलं आपण शंभर वर्षांत विसरलो, याचा मला मनापासून राग येतो.

सरकारी कागदांत गरजेची मापं आहेत, पण ती एकमेकांना ओळखत नाहीत. जनगणनेत दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच जागा ‘राहती खोली’ ठरते, म्हणजे माणूस आडवा होईल एवढी. २०११ साली देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीला निदान साडेनऊ चौरस मीटर मागते. पंतप्रधान आवास योजना सुरू झाली तेव्हा शहरी गरिबाचं घर ३० चौरस मीटरपर्यंतचं होतं, गावातलं निदान २५ चौरस मीटरचं. या एकाही मापात घरात माणसं किती हा प्रश्न नाही. दोघांना तेवढीच जागा, आठांना तेवढीच.

हौसेला मात्र सरकारी माप नाही, ती जाहिरातीवर वाढली. वर्षानुवर्षं फ्लॅट सुपर बिल्ट-अपवर विकले गेले. लोक जिन्याचे आणि लॉबीचेही पैसे भरत राहिले. रेरा हा घरखरेदीचा कायदा आल्यावर, २०१७पासून, कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, सांगणं बंधनकारक झालं.

बीडीडीचे ५०० फूट या सगळ्या यादीत वेगळे आहेत. आत संडास-बाथरूम, दोन बेडरूम, दाराला कडी. एवढ्यासाठी तरी मी या योजनेच्या बाजूने आहे. पण भाडेपावती एक म्हणून घर एक. वरळीच्या त्या खोलीत आज माझ्या दोन मावसभावांचे संसार आहेत, एक खाली, एक पोटमाळ्यावर. त्यांचं नाव अजून यादीत यायचं आहे. नव्या घराची उंची पोटमाळा काढण्याजोगी नाही. दोन बेडरूमपैकी कुठली कुणाची याची बोलणी आत्ताच सुरू झाली आहेत. आजोबांची खाट आता मावशीकडे आहे. ती कुठे मांडायची, यावर अजून कुणी काही बोललेलं नाही.