भोकाड पसरणारी मुलगी आणि गप्प बाळ

इमर्जन्सी विभागाच्या दारात दोन मुलं एकदमच येतात. एक तीन वर्षांची मुलगी: कपाळाला खोक, चेहऱ्यावर रक्ताचे ओघळ, भोकाड पसरून तिने अख्खा विभाग डोक्यावर घेतलाय. दुसरं आठ महिन्यांचं बाळ, आईच्या खांद्यावर मान टाकून निपचित पडलेलं. बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा, 'आधी त्या पोरीला बघा' असंच म्हणेल. ट्रायेजची, म्हणजे कुणाला आधी तपासायचं ते ठरवणारी, नर्स मात्र बाळाकडे वळते.

इतकं जोरात रडायला श्वासनलिका मोकळी लागते, फुप्फुसांत दम लागतो आणि मेंदूला रक्त नीट मिळावं लागतं. म्हणजे त्या रडण्यातच मुलीची अर्धी तपासणी होऊन गेली. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं, त्यामुळे लहानशा खोकेतूनही भरपूर रक्त येतं.

'ट्रायेज' हा शब्द निवडणे, वेगळं करणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक लारे जखमींचा हुद्दा न बघता जखमेची गंभीरता बघून उपचारांचा क्रम लावायचा. पण सैनिक कुठे दुखतंय ते सांगू शकतो, बाळ नाही. म्हणून लहान मुलांसाठी आधी लांबूनच बघण्याची एक पद्धत बसवली गेली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने 2000 साली ती आपल्या अभ्यासक्रमात आणली. बघायच्या गोष्टी तीन, सगळ्या नुसत्या नजरेने कळणाऱ्या: मूल एकंदर कसं दिसतंय, श्वासाला किती कष्ट पडताहेत आणि कातडीचा रंग कसा आहे. अर्ध्या मिनिटाचं काम, तेही हात न लावता. हात लावला की मूल रडतं, आणि मग नाडी आणि श्वास मोजून फारसा उपयोग नाही.

श्वासाकडे इतकं लक्ष का, हे साध्या हिशोबाने कळतं. बाळाची श्वासनलिका साधारण 4 मिलिमीटर रुंद धरा. आत चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली की वाटेची रुंदी निम्मी होते आणि हवेला होणारा अडथळा सुमारे 16 पट वाढतो. मोठ्या माणसाच्या 8 मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेने तो जेमतेम तिप्पट होतो. मग बाळाच्या नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. कधी प्रत्येक उच्छ्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो. ते दुखण्याचं कण्हणं नव्हे. फुप्फुसांतले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून बाळ घसा अर्धवट बंद करून हवा अडवून धरत असतं. श्वास मोजायचा तर पूर्ण मिनिटभर, कारण बाळांची लय मुळातच एकसारखी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षापर्यंत 50 आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40 श्वास म्हणजे जलद. भरभर चाललेला श्वास अचानक संथ झाला आणि मूल मात्र तसंच मलूल असेल, तर ती सुधारणा समजू नये. दमलेले स्नायू हात टेकत असतात.

रक्तदाबाचा आकडा तर चक्क फसवतो. 10 किलोच्या मुलात रक्त असतं जेमतेम 800 मिलिलीटर. त्यातलं पाव गेलं तरी हृदयाचे ठोके वाढवून आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून शरीर दाब टिकवून धरतं. तो पडतो तेव्हा मूल कोसळण्याच्या बेतात असतं. म्हणून नर्स आधी नख दाबून सोडते आणि गुलाबी रंग परतायला किती वेळ लागतो ते बघते. तीन सेकंदांहून जास्त लागले आणि हातही गार असला, तर थांबायचं नाही. (थंडीत गारठलेल्या हाताचं नखही उशिराच गुलाबी होतं, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं.)

तापाचंही तसंच. 40 अंश ताप असलेलं चार वर्षांचं मूल औषधानंतर खेळायला लागलं, तर सहसा थोडं थांबू शकतं. तीन आठवड्यांच्या बाळाला नुसता 38 अंश ताप असला, तरी त्याला थांबवून ठेवत नाहीत. त्या वयात जंतुसंसर्ग रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पोचला, तरी बाहेर दिसणारं लक्षण कधी तेवढंच असतं.

एकदा लावलेला क्रम कायमचा नसतो. आठ महिन्यांच्या बाळाला आत ऑक्सिजन लावल्यावर नर्स पुन्हा बाहेर येते, कारण मुलीचा आवाज थांबलाय. डोक्याला मार लागलेलं मूल गप्प झालं की बघायलाच हवं. ती वाकून हाक मारते. मुलगी मान वर करते, कपाळावरची पट्टी चाचपते आणि नर्सला बघून पुन्हा गळा काढते.