काळ्या गोळीतला उशिरा येणारा गोडवा

खास मिठायांच्या दुकानात लिकरिसच्या बरण्यांपुढे पहिल्यांदा उभं राहिलं की गोंधळायला होतं. नाणी, दोऱ्या, गुंडाळलेली चाकं, छोटी मांजरं, चौकोनी वड्या, आणि सगळं काळं. एक गोळी मऊ, गुळचट निघते; शेजारच्या बरणीतली तोंडात टाकताच नाकात झणझणतं. साखरेच्या इतर गोळ्यांत रंग बदलतो आणि चव जवळपास तीच राहते. इथे रंग एकच आणि चवी मात्र अगदी वेगवेगळ्या. म्हणूनच मला ही मिठाई फार आवडते.

लिकरिस म्हणजे आपलं ज्येष्ठमध. शेंगवर्गातल्या ग्लिसिरायझा ग्लाब्रा या वनस्पतीचं मूळ. ग्लिसिरायझा या नावाचा ग्रीकमध्ये अर्थ ‘गोड मूळ’. आपला शब्दही संस्कृत ‘यष्टिमधु’, म्हणजे गोड काठी, यावरून आला. तोंडी फिरता फिरता यष्टीचं ज्येष्ठ झालं. हे मूळ कापलं तर आत पिवळं असतं. ते उकळून रस आटवला की काळपट, चकाकणारा अर्क उरतो. इटलीच्या कालाब्रियातल्या रोसानो इथे अमारेल्ली घराण्याची कंपनी १७३१पासून हेच काम करते आहे. मिठाईतला गडद काळा रंग मात्र पुष्कळदा अर्काबरोबर घातलेल्या मळीचा किंवा वनस्पतिजन्य कोळशाच्या रंगाचाही असतो.

या मुळाचा गोडवा साखरेचा नव्हे, ग्लिसिरायझिन नावाच्या रेणूचा. तो साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड आहे, पण त्याची चाल वेगळी. साखर जिभेला लागताक्षणी कळते आणि लगेच ओसरते. ग्लिसिरायझिन हळूहळू चढतं आणि गोळी संपल्यावरही बराच वेळ घशात रेंगाळतं. हा उशीर कळला की चॉकलेटमध्ये बुडवलेल्या लिकरिसची गंमत लक्षात येते. डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावर योहान ब्यूलोव यांनी २००७ साली लिकरिसचा उद्योग सुरू केला आणि ही गोळी महागड्या मिठायांच्या पंक्तीला जाऊन बसली. तोंडाच्या उबेने आधी वरचं कोकोचं लोणी वितळतं, मग चॉकलेटची चव येते. ती विरत असताना मागून मुळाचा गोडवा वर येतो. एका घासात दोन अंक.

पोतानेही हे वेळापत्रक बदलतं. गव्हाच्या पिठाची दोरी चावली की लवकर तुटते आणि चव पटकन मोकळी करते. जिलेटिन लवचिक राहतं आणि तोंडात वितळत जातं. अरबी डिंकाची कडक डच गोळी चोखावीच लागते, म्हणून तिची चव थेंबाथेंबाने सुटते.

आता त्या नाकात झणझणणाऱ्या बरणीकडे. नेदरलँड्स, जर्मनीचा उत्तर भाग आणि नॉर्डिक देश इथली ही लाडकी खारी लिकरिस. फिनलंडमध्ये तिला साल्मिआक्की म्हणतात. तिच्यातला खारटपणा प्रामुख्याने अमोनियम क्लोराइडचा, म्हणजे नवसागराचा. ही चव नुसती खारट नाही, आंबट नाही आणि कडूही नाही. जीभ ती ओळखते कशी, याचा एक सुंदर उलगडा २०२३ साली झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एमिली लिमन यांच्या गटाने दाखवलं की आंबट चव टिपणाऱ्या पेशींवरचं ओटॉप१ हे प्रथिन अमोनियम क्लोराइडलाही प्रतिसाद देतं. त्यातून निघणारा अमोनिया पेशीच्या आत शिरून तिथली आम्लता कमी करतो. त्यामुळे बाहेरचे प्रोटॉन, म्हणजे आम्लता आणणारे कण, या प्रथिनाच्या वाटेने आत ओढले जातात आणि पेशी मेंदूला खबर देते. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन नव्हतं त्यांनी नवसागराचं पाणी टाळलं नाही. टाकाऊ पदार्थांतल्या विषारी अमोनियमपासून सावध करायला ही क्षमता विकसित झाली असावी, असा तर्क आहे. जी चव धोक्याची घंटा असावी, तिचीच माणसाने मिठाई केली!

पण लिकरिसचा खरा धोका नवसागरात नाही, त्या रेंगाळणाऱ्या गोडव्यातच आहे. १९४६ साली रेव्हर्स या डच डॉक्टरांनी पोटाच्या व्रणांवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रण सुधारले, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. कारण पुढे कळलं. आतड्यातले जिवाणू ग्लिसिरायझिनपासून ग्लिसिरेटिनिक आम्ल तयार करतात आणि ते मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. या एन्झाइमचं काम पहारेकऱ्याचं. रक्तात भरपूर असलेलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक, मीठ धरून ठेवायला सांगणाऱ्या अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाच्या जागेवर बसू नये म्हणून ते कॉर्टिसॉलला निष्क्रिय करतं. पहारा उठला की मूत्रपिंड सोडियम साठवतं आणि पोटॅशियम घालवतं. रक्तदाब वाढतो; पोटॅशियम फार घटलं तर हृदयाची लय बिघडते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधला ५४ वर्षांचा एक माणूस काही आठवडे रोज पिशवी-दीड पिशवी काळी लिकरिस खात होता आणि त्यातूनच त्याचा मृत्यू झाला. ही हकिगत २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा इशारा स्पष्ट आहे: चाळिशीपुढच्या व्यक्तीने रोज सुमारे ५७ ग्रॅम काळी लिकरिस दोन आठवडे खाल्ली तर हृदयाची लय बिघडू शकते. एखाद्या दिवशी चार गोळ्या चाखण्याबद्दल हा इशारा नाही, रोजच्या सवयीबद्दल आहे. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील, किंवा दिवस गेले असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी.

गंमत म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या त्या माणसाने मृत्यूच्या काही आठवडे आधीच लाल गोळ्या सोडून काळ्या घेतल्या होत्या. लाल ‘लिकरिस’मध्ये बहुधा हे मूळ नसतंच, तिथे फक्त दोरीचा आकार आणि फळाचा स्वाद असतो. काही काळ्या गोळ्यांतही मुळाऐवजी बडीशेपेसारख्या वासाचं अनिसचं तेल असतं. त्यातला अनेथॉल हा रेणू आपल्याला ‘लिकरिसचा’ वाटणारा वास देतो, पण मूत्रपिंडातल्या त्या पहारेकऱ्याला तो हात लावत नाही. म्हणून मी पिशवी हातात घेतली की आधी मागची घटकांची यादी वाचते आणि तिथे ‘लिकरिस अर्क’ हे दोन शब्द शोधते. ते दिसले की मग गोळी जिभेवर ठेवून थांबायचं, गोडवा यायला वेळ लागतो.